निम्म्या अंतरात

ओडेसाने वेगाची मूठ एक खाच मागे घेतली आणि वॉकीटॉकी कानाशी धरली. इंजिनाच्या पुढे बावीस वाघिणी होत्या, पण तिसरीनंतर जगात काही उरलंच नव्हतं. सरोवरावरून आलेल्या धुक्याने सकाळी दहा वाजता सगळं यार्ड पुसून टाकलं होतं. ती वाघिणी ढकलत होती, आणि सर्वांत पुढच्या वाघिणीच्या शिडीवर झेनॉन उभा होता. दिसत नव्हता. नुसता आवाज होता.

“वीस वाघिणी. ये सावकाश.”

या वाघिणी जिला जोडायच्या, त्या पुढे उभ्या असलेल्या गाडीपर्यंतचं अंतर ते वाघिणींत मोजत. फुटांत नाही, मीटरांत नाही. सोळा वर्षं ओडेसा या आवाजाच्या मागून जात होती. मोठ्या कंपन्यांच्या गाड्या समुद्रापर्यंत जात. यांची रेल्वे शिकागोभोवतीच फिरे, एका कंपनीच्या वाघिणी दुसरीला नेऊन देई आणि संध्याकाळी सकाळच्याच जागी असे.

“दहा.”

आवाज घोगरा झाला होता. सकाळी चहा पिताना त्याने सांगितलं होतं, सोमवारी डॉक्टर गळा उघडणार. नंतर आवाज राहील असं नाही.

“यार्डमास्तरला सांगितलंस?” तिने तेव्हा विचारलं होतं.

“सांगितलं तर आत्ताच घरी बसवेल. शुक्रवारपर्यंत गप्प राहा, पोरी. तेवढं बोलून घेतो.”

“तीस वर्षं बडबडून पोट नाही भरलं, म्हाताऱ्या?”

“तुझ्या भोंग्यापेक्षा तर गोड आहे.” तो हसला आणि बराच वेळ खोकला. “पूर्वी बरं होतं. नुसता हात हलवायचा. ड्रायव्हर दोनदा तोकडा भोंगा द्यायचा, की समजलं. गळा लागायचा कुणाला?”

गप्प राहायला ती हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती.

“सहा.”

धुकं काचेला टेकून चाललं होतं. चाकं फिरत होती, पण गाडी जागेवरच आहे आणि पांढरं जग तेवढं मागे सरकतंय, असं तिला वाटलं.

“चार.”

मग वॉकीटॉकीत हवा घुसल्यासारखी खरखर झाली. बटण दाबलेलं होतं, शब्द नव्हता. मग खरखरही थांबली.

आवाज थांबला, तर शेवटी सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यात गाडी थांबलीच पाहिजे. हा नियम तिला झेनॉननेच शिकवला होता. पण थांबली, तर वर मनोऱ्यात बसलेला यार्डमास्तर कारण विचारणार. हा रूळ तिच्या तळहातासारखा ओळखीचा होता. चार वाघिणींचं अंतर डोळे मिटून, अंड्याला अंडं टेकवावं तसं गेली असती. कुणाला कळलं नसतं. शुक्रवारपर्यंत असे चारच दिवस.

तिने ब्रेक लावला. बावीस वाघिणी एकामागून एक एकमेकींना टेकल्या आणि गप्प झाल्या.

“का थांबलीस?” यार्डमास्तरने विचारलं. “झेनॉन, ऐकतोस ना?”

ओडेसा गाडीला पक्का ब्रेक घालून खाली उतरली. रुळांशेजारच्या खडीवरून चालताना ती वाघिणी मोजत गेली. विसाव्या वाघिणीपाशी त्याची पिवळी टोपी धुक्यातून वर आली. तो शिडीवरून उतरून खाली उभा होता, हात गळ्याशी.

समोर उभ्या गाडीची शेवटची वाघीण होती. दोन्हींची लोखंडी कपलिंगं समोरासमोर होती. मधल्या फटीत ओडेसाचा तळहात जेमतेम मावला असता.

झेनॉनने तोंड उघडलं. नुसता श्वास आला. त्याने दोन बोटं वर केली. चार वाघिणी नव्हत्या, दोनच. धुक्यात त्याला चुकीचं दिसलं होतं, आणि ते दुरुस्त करायला गळ्याने साथ दिली नव्हती.

तो तिच्याकडे न पाहता फटीकडेच पाहत होता. मग त्याने उजवा हात खाली सोडला आणि गुडघ्याजवळ आडवा, सावकाश हलवला. इकडून तिकडे. थांब. गाडी कधीची थांबली होती, तरी तो हलवतच राहिला.

ती बावीस वाघिणींचं अंतर चालत इंजिनाकडे परतली. केबिनमध्ये यार्डमास्तर अजून विचारत होता. त्याला आता सांगायचं होतंच.

त्याआधी तिने धुक्यात भोंगा दिला. दोनदा, तोकडा.