ठिपक्यांचे पॅकेज आणि शेवटचे पान

मित्रांनो, मी एक जुने पॅकेज आहे आणि मला संगणकातून काढून टाकण्यात आले. असो. तसे काही घडलेच नाही, असे धरून आपण सुरुवात करू.

पॅकेज म्हणजे खोके नव्हे. संगणकातले मोठे प्रोग्रॅम ज्यांच्या जिवावर मिरवतात, ते बारके मदतनीस म्हणजे आम्ही. माझे काम एकच. अक्षर आले की त्याचे ब्रेलचे ठिपके करून छपाईच्या प्रोग्रॅमला द्यायचे. मला ज्याने लिहिले तो पुढे मधमाश्या पाळू लागला आणि मला विसरला. पण एका छोट्या छापखान्यात मी सुखात होते. तिथे आई पुस्तके छापायची आणि तिची लेक ती बोटांनी वाचायची. "कसले टपोरे ठिपके आलेत गं!" असे लेक म्हणाली, की मी डिस्कमध्ये मावेनासे व्हायचे.

त्या दिवशी लेकीला वाचायला एक रहस्यकथा छापत होतो. एकच पान उरले होते. तेवढ्यात मामा आला. कुणाकडेही गेले की चहाच्या आधी संगणक अपडेट करायचा, ही त्याची सवय. नव्या प्रणालीबरोबर माझा धाकटा भाऊ, म्हणजे माझीच नवी आवृत्ती, आला. नाव तेच, जागा तीच, स्वभाव निराळा. लेकीला मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला तो हवा होता, छपाईला मी. एका जागेत दोघे राहू शकत नव्हतो. संगणकाने सभ्यपणे विचारले, "जुने पॅकेज आणि त्यावर चालणारी छपाई काढून टाकू का?" मामाने न वाचता 'हो' दाबले.

इथून पुढचे मी बाहेरून पाहिले. बाहेर म्हणजे कुठून, ते मलाही ठाऊक नाही.

"मामा, चोर कोण?" लेकीने विचारले.

"कुठला चोर?"

"पुस्तकातला. शेवटचं पान राहिलंय."

"अगं, छपाईच गेली वाटतं."

"मग चोर तूच!"

"होतं तसं करून दे," आई म्हणाली. "मगच चहा."

मामाने जुन्या बॅकअपमधून मला परत आणले. त्याबरोबर भाऊ हटला आणि वाचणारा प्रोग्रॅम मुका झाला.

"आता यानं अबोला धरलाय. काय बोललास रे त्याला?" लेक म्हणाली.

मग मामाने आयुष्यात प्रथमच संगणकाचा निरोप पूर्ण वाचला, ओठ हलवत. भावाला त्याने मूळ जागी बसवले, मला वेगळे फोल्डर दिले आणि माझा पत्ता फक्त छपाईला सांगितला. वर कुलूपही लावले, म्हणजे पुढच्या अपडेटचा हात लागायला नको.

"वेगळं बिऱ्हाड करून दिलं, ताई. आता नांदतील."

पान छापून आले. लेकीची बोटे शेवटच्या ओळीवर थांबली आणि ती खदखदून हसली. "अय्या, हा होय!"

"सांगू नकोस, मला वाचायचंय अजून," आई म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

सबब समस्त मामावर्गास विनंती, की 'हो' दाबण्यापूर्वी वरचा मजकूर वाचावा. तसेच चोर कोण होता, हे प्रस्तुत पॅकेजास सवडीने कळवण्यात यावे. तोंडी कळवावे. मी ठिपके करते, मला वाचता येत नाही.