आठवा पाय

आक्काने दिलेला सोल्डरचा डाग सुटत नाही, हे तिचे वैरीसुद्धा कबूल करत. शाळा तिसरीत सुटली, पण बोर्ड पालथे घालून पार्ट जोडण्यात हयात गेली, आणि त्याच जोरावर तिने वर्कशॉप उभं केलं. आता मुलगा गिऱ्हाइकं बघायचा आणि सून कॉम्प्युटरवर सर्किटचे नकाशे काढायची.

त्या दिवशी सून एका चिपचा सिम्बॉल करत होती. सिम्बॉल म्हणजे एक चौकोन, त्याला आठ पाय, आणि कुठल्या नंबरचा पाय काय करतो ते. वीज घेणाऱ्या पायाला तिने आठ नंबर दिला. मागे उभ्या आक्काने जुना बोर्ड पालथा केला, सुईच्या टोकाने पाय मोजले.

"आठवा कसला? पहिला आहे. हा बघ, मीच जोडलाय."

"आई, नंबर चिपच्या पाठीकडून मोजतात. पोटाकडून मोजलं की डाव्याचं उजवं होतं. चिपसोबत आलेल्या कंपनीच्या कागदावरही आठच आहे."

"कागदाने कधी डाग दिलाय? मी हे करत होते तेव्हा तू पाळण्यात मुठी चोखत होतीस."

टेबलांवर पार्ट जोडणाऱ्या बायका खुदखुदल्या. सुनेने निमूट आठाचा एक केला.

त्या नकाशावरून दोनशे बोर्ड तयार होऊन आले. पहिल्याला वीज दिली आणि चिप तडकली. दुसऱ्यातून धूर निघाला.

"हा सिम्बॉल कुणी केला?" मुलगा ओरडला.

सुनेने आक्काकडे पाहिलं. "मी."

"आठपर्यंत मोजता येत नाही तुला?"

खरं आक्काच्या ओठांवर आलं होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच. "शिकलेल्यांचं हे असंच," ती म्हणाली.

महिनाभरात सुनेने दुसरीकडे नोकरी धरली. घरात वागणं होतं तसंच, आक्काची औषधं वेळेवर, काही कमी नाही. तेच आक्काला जास्त टोचायचं. शेवटी एकदा भांडी पुसताना आक्का सुनेला म्हणाली, "त्या चिपचं... चूक माझी होती."

"माहितीये मला, आई."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. चूक व्हायच्या आधीच."

दुसऱ्या दिवशी आक्काने सगळ्या बायकांना उभं केलं, मुलाला बोलावलं आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. कुणी हसलं नाही. मुलगा खाली बघत राहिला. संध्याकाळी सून चपला काढतेय तोच आक्का म्हणाली, "सगळ्यांदेखत सांगितलं मी. आता ये परत."

"बरं केलंत, आई." सुनेच्या आवाजात राग नव्हता. असता तर आक्का भांडली तरी असती. "पण तिकडे मी ‘नाही’ म्हटलं ना, की काम थांबतं. कागद काढून परत बघतात."

आक्काने सुनेच्या खांद्यावरची बॅग घेतली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून तशीच धरून उभी राहिली.