आमच्या घरातला अतिरेकी

फर्रुख चेरीतालच्या आमच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. रशिया फुटून जे नवे देश झाले, त्यांतल्या एका डोंगराळ देशातला. देशाचं नाव लिहीत नाही. त्याची आई अजून तिथंच आहे. इथं तो शेतकी शिकत होता. आमचे हे कारखान्यात होते तेव्हा तिकडचे इंजिनिअर यायचे. आम्ही सगळ्यांना सरसकट रशियनच म्हणायचो. सदर बाजारात दिसले की दुकानदार उठून हात मिळवायचे. दोन देशांची मैत्री आम्हाला माहीत होती ती तेवढीच.

फर्रुखला आग्रहाचं वेड. आपली पोळी तोडून दुसऱ्याच्या ताटात टाकायचा, कप अर्धा झाला की चहा ओतायचा. मी ओरडायचे, "पुरे ना रे! अतिरेकी आहेस नुसता!" तोही हसायचा.

मग त्याच्या देशाचे मंत्री दिल्लीत आले. दहशतवादाविरुद्ध दोन्ही सरकारं मिळून लढणार, असं टीव्हीवर सांगितलं. थोड्याच दिवसांत साध्या कपड्यांतले दोन पोलीस आमच्या दारात. त्यांतला शैलेंद्र नावाचा साहेब नागपूरकडचा, मराठीच बोलत होता.

"तिकडून याचं नाव आलंय, आजी. याचा मामा बंदी घातलेल्या पक्षात आहे."

"मग मामाला धरा ना! हा पोरगा तर गव्हाचा अभ्यास करून राहिला."

शेजारचा दिवाकर फाटकाला टेकून उभा होता. त्याला गप्प बसवत नाही. "अरे साहेब, या काकूच त्याला रोज अतिरेकी म्हणतात!" आणि खी खी हसला.

शैलेंद्र हसला नाही. "काहून म्हणता, आजी?"

"जेवायचा आग्रह करतो म्हणून! तू मराठी आईच्या हातचं जेवलास ना? तुला कळत नाही?"

"मला कळते. पण वर रिपोर्ट हिंदीत जाते."

आणि गेलं. घरमालकीण त्याला आतंकवादी म्हणते, असं गेलं. भाषेवर राज्यं वाटली तेव्हा आम्ही इकडेच, हिंदी मुलखात राहिलो. लेकरांना रागावून रागावून घरात मराठी टिकवली. ती याच्यासाठी?

फर्रुखला नेताना चपला घालू दिल्या, तेवढंच.

माझी भाची सुमेधा हायकोर्टात वकील आहे. तिनं धावपळ करून अर्ज लावला. त्याला परत पाठवू नका, तिकडे तो तुरुंगातून बाहेर येणार नाही, असं त्यात होतं. 'अतिरेकी'चा आमचा अर्थ सांगायला मी स्वतः कोर्टात गेले. उभी राहायच्या आतच सरकारी वकील म्हणाला, त्याला पहाटेच्या विमानानं पाठवलंय.

व्हरांड्यात मी त्या वकिलाला गाठलं. "माझं ऐकून तरी घ्यायचं!"

"माताजी, मित्र देश है. कल को हमें भी उनसे अपने आदमी माँगने पड़ेंगे."

"म्हणजे हा तुमच्या सौद्यात गेला?"

"घर जाइए, माताजी."

"जाते. त्याच्या आईला तुम्ही सांगा. नंबर घ्या."

त्यानं खिशातून मोबाईल काढलासुद्धा नाही. सुमेधा माझा दंड धरून म्हणत होती, "मावशी, चलो, सगळे बघून राहिले." बघू देत. तो जिना उतरायला लागला. मी हात सोडवून घेतला आणि एकेक आकडा मोठ्यानं म्हणत त्याच्या मागे उतरले.