न कापलेला तुकडा

भाचीच्या रक्ताची नळी माझ्याकडे यायलाच नको होती. नात्यातल्या माणसाचा नमुना हाताळायचा नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. पण नळीवर फक्त नंबर असतो, आणि तो नंबर भावाने मला आधीच सांगितला होता. मी गप्प बसले. हे काम माझ्याइतकं नीट इथे कुणाला जमत नाही, असा माझा समज होता.

पोर आठ महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती. डीएनए तपासला तेव्हा एका जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं, तेही नेमकं कात्री चालते त्या जागी. जनुकाची आरएनए नक्कल उतरते ती कच्ची असते. पेशी तिच्या डोक्याला टोपी घालते, मागे शेपूट लावते, मधले नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडते आणि मगच तिला केंद्रकाबाहेर सोडते. भाचीचा तो तुकडा कापला जात नसेल तर आजार ठरला, आणि त्यावर इंजेक्शन होतं. नीट कापला जात असेल तर आजार दुसराच कुठलातरी, आणि त्यावर कुणाकडेच काही नव्हतं. इंजेक्शन मंजूर करणारे डॉक्टर आज चारला बसणार होते. त्यानंतर थेट दोन महिन्यांनी. तोवर पोरीचा श्वास टिकेल का, यावर घरात कुणी बोलत नव्हतं.

म्हणून मी चक्क आजाराचीच आस लावून बसले होते. सख्खी आत्या असून.

सकाळी जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, दोन पट्टे आले. खालचा आखूड, अगदी फिका. वरचा लांब, ठसठशीत. लांब म्हणजे तुकडा आतच राहिलेला. मी तिथूनच भावाला फोन लावला. "बाळ्या, सापडलं रे!" तो रडला. मीही रडले.

अहवालावर सही करणाऱ्या आमच्या मॅडमनी जेलचा फोटो पाहिला. "एन्झाइम न घातलेली नळी कुठंय?"

ती मी लावलीच नव्हती. नमुन्यात चुकून डीएनए राहिला तर त्यातही तो तुकडा असतोच, आणि पट्टा हुबेहूब त्याच जागी येतो. म्हणून आरएनए वाचणाऱ्या एन्झाइमशिवाय एक नळी चालवायची. तिच्यातही लांब पट्टा आला, तर तो डीएनएचा. नवशिक्यांना हे मीच ओरडून शिकवते.

"नमुना थोडाच होता, मॅडम. वाचवला."

"वाचवलास? आणि माझी सही मागतेस?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "बारा वाजलेत. उरलेल्याचे दोन भाग कर. एकातला डीएनए साफ करून एन्झाइम घाल, दुसरा तसाच एन्झाइमशिवाय लाव. ऊठ."

उरलं होतं ते चार थेंबही नव्हतं. आरएनए महानाजूक, बोटाचा घाम लागला तरी त्याचा चुरा. मी हातमोज्यांवर हातमोजे चढवले, तोंड मिटून घेतलं. खिशात फोन सारखा थरथरत होता. मधल्या वेळात पाहिलं तर भावजयीचा निरोप: "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मशीनचे आकडे पुढे सरकत नव्हते, आणि घड्याळ मात्र धावत होतं.

पावणेचारला जेल दिव्यावर ठेवलं. एन्झाइम नसलेल्या नळीत लांब पट्टा, सकाळच्याइतकाच ठसठशीत. साफ केलेल्या नळीत फक्त आखूड. वर काहीच नाही. तुकडा व्यवस्थित कापला जात होता.

सकाळचा फोटो टेबलावरच पडला होता. त्यावर फक्त एक सही हवी होती. मॅडमचा हात धरून ती करवून घ्यावी, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मग मी फोटो फाडला आणि भावाला फोन लावला.

भावजयीने उचलला.

"सकाळचं चुकलं," मी म्हणाले. "माझं चुकलं. तो आजार नाहीये तिला."

"नाहीये?" ती एकदम हसली, आणि आत वळून ओरडली, "अहो, ऐकलंत का? काही नाहीये तिला! ताई सांगतायत!"

आतून भावाचं हसणं ऐकू आलं. ते थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.