हळू कोण पडतं

वसंतानं फ्रिजचं हँडल धरून उठायचा पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा दाराला पाठ घासत खाली आली. पहिल्यांदाही अशीच आली होती. धाडकन नाही, डावा पाय मुरगळला, पाठ दाराला टेकली आणि पोतं घसरावं तशी ती सावकाश फरशीवर पोहोचली. घोटा आता टम्म सुजला होता.

मनगटावरचं घड्याळ गप्प होतं.

तिच्या मुलानं, मुरलीनं, ते ह्याचसाठी बांधलं होतं. अम्मा वेलचेरीत एकटी राहते; पडली तर घड्याळ ओळखेल आणि पेरुंगुडीच्या ऑफिसात त्याच्या फोनवर कळवेल. गेल्या शुक्रवारी कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयार गणपतीसमोर तिनं नारळ आपटून फोडला, तेव्हा घड्याळ मेलं असं केकाटलं की पुजाऱ्याच्या हातातली आरती डगमगली. मुरली मीटिंग सोडून धावत आला. अम्मा फूलवालीशी गप्पा मारत उभी.

त्या दिवशी तो रागावला नाही. त्याहून वाईट केलं. गाडीत घालून तिला शहराबाहेर कोवलमला नेलं, म्हाताऱ्यांसाठीची एक जागा दाखवायला. समुद्राचा वारा, चकचकीत फरश्या, आणि व्हरांड्यात ओळीनं बसवलेली माणसं, प्रत्येकाच्या मनगटावर असलंच घड्याळ.

"एकदा खरंच पडलीस, की इथं," तो म्हणाला होता. प्रेमानंच म्हणाला होता. प्रेमानं दिलेल्या धमकीला उलटून बोलता येत नाही, हीच तर पंचाईत.

म्हणून आता घड्याळाचं बटण दाबायचं नाही, असं तिनं ठरवलं. यंत्राला कळलं नाही ना? मग पडलेच नाही. थोड्या वेळात पाय मोकळा होईल.

पाय मोकळा झाला नाही. घड्याळ मात्र थरथरलं. तिनं झटकन मनगट वळवून बघितलं. काचेवर एक हसरा चेहरा आला होता: बराच वेळ बसला आहात. उठा, जरा चाला!

"तोंड जळो तुझं," वसंता म्हणाली. "तूच उठव की."

घोट्यातली कळ गुडघ्यापर्यंत चढली, तेव्हा तिनं बटण दाबलं.

"बोल अम्मा. मीटिंगमध्ये आहे," घड्याळातून मुरली म्हणाला.

"मुरली, मी पडलेय."

पलीकडे काचेवर बोट टकटकलं. तो फोनवर आकडे बघतोय, हे तिला कळलं.

"मला तर काही आलं नाही. केव्हा पडलीस?"

"मघाशी. हळू पडले."

"हळू कोण पडतं, अम्मा?" तो थकल्यासारखा हसला. "नाडी छान आहे. बसलीयस, असं दाखवतंय. टेकली असशील, घाबरली असशील. पाणी पी. संध्याकाळी येतो, सरी? चालेल ना?"

"मी सांगतेय ना."

"हो गं. पण नारळाला एवढं ओरडलं ते, तुला नाही ओरडणार?"

फोन बंद झाला.

वसंता फ्रिजची घरघर ऐकत बसली. लहानपणी हे पोर पडलं की कुठं लागलं, एवढंच ती विचारायची. खरंच पडलास का, असं कधी विचारलं नव्हतं.

तिनं पट्टा सोडला, घड्याळ फरशीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पोटातून हाक मारली.

"जयंती! ए जयंती!"

शेजारची जयंती पिठाच्या हातांनीच आली. ह्या घराची एक किल्ली तिच्याकडे असे. "अय्यो मामी!" म्हणत तिनं काखेत हात घालून वसंताला उचललं, खुर्चीवर बसवलं, पायाखाली स्टूल सरकवलं आणि बर्फ काढला. पुरावा मागितला नाही.

तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला. जयंतीनं तो आणून तिच्या हातात दिला.

"अम्मा! घड्याळ हातात नाही म्हणून मेसेज आलाय. नाडीच दिसत नाही! काय झालं? खरं सांग, पडलीस का?"

फरशीवर उपडं पडलेलं घड्याळ हिरवं लुकलुकत होतं, कुणाचं तरी मनगट शोधत.

"तुला मघाशीच सांगितलं."

"निघालोच मी. जिना उतरतोय." त्याला धाप लागली होती.

"ये," वसंता म्हणाली. "जेवायला ये. मला न्यायला येऊ नकोस."