डोंगराचा जावई

मधलीनं कुकर चढवला, ओटा पुसला आणि खिडकी घट्ट लावून घेतली. समोरच्या खडी मशीनची धूळ तरीही आत यायचीच. तीन बहिणींत ती दुसरी, म्हणून माहेरी तिला मधलीच म्हणायचे. लग्नानंतर ठेकेदारही लाडानं तेच म्हणू लागला.

डोंगरात रस्ता आला आणि रस्त्यामागोमाग हा ठेकेदार आला. बोलायला गोड, राहायला नीटनेटका. त्यानं मधलीला मागणी घातली तेव्हा वडील हुरळून गेले. "शहरातला माणूस आपणहून आपल्या दारात आला. वर काही मागतही नाही!"

तोंड वाकडं केलं ते फक्त मावशीनं. आईमागं तिघींना तिनंच वाढवलं होतं. "काहीच मागत नाही म्हणजे याला काहीतरी मोठं हवंय," ती म्हणाली. तिचं कुणी मनावर घेतलं नाही.

आज तीच मावशी दारात उभी होती. आत यायला तयार नव्हती.

"झऱ्याला तार का घातलीस?"

"मी? कुठल्या झऱ्याला?"

"आपल्या, वस्तीवरच्या. राखणदार म्हणतो, मालकिणीचा हुकूम आहे. कोण मालकीण म्हटलं, तर मेला तुझं नाव घेतो. बाया रिकाम्या कळशा घेऊन परत गेल्या, वाटभर तुझा उद्धार करत."

मधलीला कचेरीतल्या सह्या आठवल्या.

ठेकेदार तिला अधूनमधून कचेरीत न्यायचा. "इथं सही कर गं," म्हणायचा. सही झाली की येताना बाजारातून नवीन चपला नाहीतर बांगड्या. कायदा असा होता, की डोंगरातली जमीन डोंगरातल्याच माणसाच्या नावावर राहील, बाहेरच्याला ती घेता येणार नाही. कायदा चांगलाच होता. पण डोंगरातली मुलगी बायको करून तिच्या नावावर जमीन घ्यायला त्यात बंदी नव्हती. वस्तीतल्या लोकांनीही पोरगी आपलीच आहे म्हणून विश्वासानं तुकडे विकले होते. झऱ्याचा तुकडा तर तिच्या सख्ख्या काकांचा होता.

संध्याकाळी तिनं विचारलं, "अहो, झरा माझ्या नावावर आहे?"

"सगळंच तुझ्या नावावर आहे. राणी आहेस तू." त्यानं मोबाइलवरून मान वर केली नाही.

"मग ती तार काढायला सांगा."

तो हसला. "कंपनीचा पाण्याचा कारखाना होतोय तिथं. वस्तीचं भलंच होईल. तुला नाही कळायचं ते."

त्या दिवसापासून मधलीच्या डोक्यात किडा वळवळू लागला. फोन आला की हा अंगणात का जातो? साइटवर मुक्काम असतो, तर धुतलेले, इस्त्रीचे कपडे घालून परत कसा येतो? ज्या घरात ती बिनधास्त वावरली होती, तिथं आता तिला प्रत्येक वस्तूमागं काहीतरी लपल्यासारखं वाटे.

भाजी पोचवायला टेम्पोवाला आला तेव्हा तिनं सहज म्हणून विचारलं, "साहेब साइटवर जेवतात कुठं रे?"

"तिकडच्या वहिनी वाढतात की..." आणि त्यानं जीभ चावली.

मधलीनं गॅस बंद केला. मावशीला वाटेत घेतलं आणि टेम्पोत चढून बसली.

"वहिनी, माझी नोकरी जाईल हो!"

"टेम्पोसुद्धा माझ्याच नावावर असेल. चल."

डोंगराच्या पलीकडं दगडखाणीशेजारी मधलीच्या घरासारखंच तीन खोल्यांचं घर होतं. खिडकीला तेच पडदे, ओट्यावर तोच कुकर. दार उघडणारी बाई वयानं थोडी मोठी होती, बोलीवरून डोंगरातलीच. तिनं मधलीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"झऱ्याकडची ना तू? मी खाणीची." ती बाजूला सरली. "ये. भांडायचं तर भांड, पण बसून भांड."

मधली भांडली नाही. तिला रडूही आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"उशिरा कळलं. तोवर खाणीनं माझ्या भावाचं घर गिळलं होतं. माहेर तोंड बघत नाही. जाणार कुठं? म्हणून गप्प राहिले."

मावशी कडाडली, "गप्प राहिलीस म्हणून ही पोर फसली!"

पलीकडचीनं मान खाली घातली.

मधली घरी परतली, पण ठेकेदाराला तिनं काही कळू दिलं नाही. पुढं कचेरीत बोलावणं आलं. डोंगराचा अख्खा उतार कंपनीला भाड्यानं द्यायचा होता. कंपनीचे साहेब आले होते, पेढे आणून ठेवले होते. अधिकाऱ्यानं रिवाजाप्रमाणं, मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं करताय ना?"

"नाही," मधली म्हणाली.

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. ठेकेदार घाईघाईनं पुढं झाला. "तब्येत बरी नाही हो तिची. मधले, सही कर."

"माझी तब्येत ठणठणीत आहे. जमीन माझी आहे आणि मला द्यायची नाही."

बाहेर व्हरांड्यात त्यानं तिचा दंड धरला. "उद्यापासून राहशील कुठं?"

"माझ्या जमिनीवर. तूच घेऊन दिलीस ना?" आजवर अहो-जाहो करणारी मधली पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे बोलली. त्याचा हात आपोआप सुटला.

झरा मोकळा झाला, पण लोकांची मनं नाही. बाया पाणी भरत आणि तिच्याशी न बोलता निघून जात. काकांनी तर तोंडावर सांगितलं, "आज तार काढलीस, उद्या पुन्हा घालशील." ठेकेदारानं तिच्यावर दावा लावला. मधली मावशीच्या खोपटात राहू लागली. तिला कुणाचा राग येत नव्हता. त्यांच्या जागी तिनंही विश्वास ठेवला नसता.

मग पलीकडचीचा निरोप आला: वरच्या खोऱ्यात नवा रस्ता जातोय, आणि ठेकेदारानं तिथं एका मुलीला मागणी घातली आहे.

दोघी मिळून गेल्या. मुलीच्या बापानं त्यांना अंगणातच अडवलं. "सोडलेल्या बायका तुम्ही, तुमचं पोट दुखणारच. कधी नव्हे ते आमच्या वाट्याला चांगले दिवस येताहेत."

"आम्हालाही असंच वाटलं होतं," पलीकडची म्हणाली. या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

बाप दार लावू लागला. आतून मुलगी आली आणि तिनं दाराच्या फळीवर हात ठेवला.

"बाबा, थांबा. लग्न माझं आहे." ती मधलीकडं वळली. "आत या. सगळं सांगा. पहिल्यापासून."