ओट्याचं माप

पैलवान जेवला की लोळतो. वासराएवढं ते कुत्रं भांडं चाटूनपुसून अंगणाच्या फरशीवर आडवं होतं आणि मग आम्हाला त्याला ओलांडूनच जावं लागतं. त्या संध्याकाळी तो लोळला नाही. दारापासून नळापर्यंत आणि नळापासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. मी बाहेरच्या खोलीत मशीनवर एका गिऱ्हाइकाचा पडदा शिवत होते आणि त्याच्या दर फेरीला माझी टीप वाकडी जात होती.

बाबा, आज परत ओट्यावरच वाढलंत ना, असं मी बसल्या जागेवरून विचारलं. तू तुझा पडदा शीव, सासरे म्हणाले. म्हणजे वाढलं होतं.

हा ओटा म्हणजे आमच्या घरातलं रोजचं भांडण. सासरे गवंडी. काम सोडलं तरी थापी हातातून सुटत नव्हती. अंगणाच्या भिंतीला लागून त्यांनी विटांचा ओटा रचला, वर गुळगुळीत गिलावा केला आणि जाहीर केलं, आजपासून पैलवान खाली मान घालून जेवणार नाही. एवढ्या मोठ्या कुत्र्याला वाकून खाणं बरं नसतं म्हणे. नवरा ट्रकवर, घरी कधीतरी उगवणारा. त्यानं फोनवरूनच वाहवा केली. वाहवा करायला काय जातं.

पुढे मी पैलवानाला लस टोचायला घेऊन गेले तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, जेवण कसं देता. ओट्याचं ऐकून त्या लिहायच्या थांबल्या. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट कधी कधी गॅसनं फुगतं, फुगता फुगता त्याला पीळ बसतो आणि मग जिवाचा भरवसा नसतो, असं म्हणाल्या. भांडं उंच ठेवलं तर धोका वाढतो असं काहींना आढळलंय, काहींना ते पटत नाही. पण तुम्ही खालीच ठेवा, थोडं थोडं द्या, भसाभस गिळू देऊ नका. अस्वस्थ होऊन फिरायला लागला, कोरड्या ओकाऱ्या काढायला लागला, तर वाट न बघता घेऊन या.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी भांडं खाली ठेवलं तर म्हणाले, मग तूच घाल त्याला. आणि मी कुणाचं माप घ्यायला वळले की भांडं पुन्हा ओट्यावर. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका कुत्र्याच्या भांड्यापायी माणसानं एवढं हट्टाला का पेटावं, ते काही केल्या कळेना.

त्या संध्याकाळी येरझाऱ्या थांबल्या तेव्हा मला आधी हायसंच वाटलं. मग खाकरल्यासारखा आवाज आला. बाहेर गेले तर पैलवान मान लांब करून ओकाऱ्या काढत होता आणि फेसाळ लाळेशिवाय काही पडत नव्हतं. पोटाला हात लावला तर हवा भरलेल्या चेंडूसारखं टणक.

शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याला हाक मारून गाडी काढायला सांगितली. मशीनवरचा अर्धवट पडदा ओढून फरशीवर पसरला. पैलवान त्याच्यावर कोसळलाच.

"बाबा, डोक्याकडची टोकं धरा."

सासरे पुढे आले, कमरेतून जरासे झुकले, चेहरा पांढराफटक पडला आणि ओट्याचा आधार घेत पुन्हा ताठ झाले. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. बोटांची टोकं बरोबर ओट्याच्या कडेला टेकली होती.

माझा धंदाच मापाचा. माणूस दारातून आत आला की त्याची बाही कुठं कमी पडेल ते मी सांगते. आणि हा ओटा मी रोज बघत होते. पैलवानाला त्याच्यावरून खाताना हनुवटी वर काढावी लागायची, तेही बघत होते. तो कुत्र्याच्या मापाचा नव्हताच. न वाकता म्हाताऱ्या माणसाचा हात पोचेल, एवढा होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, ती बाई मी.

टोकं लॉन्ड्रीवाल्यानं धरली. सासरे कुणी न सांगता गाडीत पुढे जाऊन बसले.

दवाखान्यात आत नळी घालून गॅस काढत होते. मी बाकावर, सासरे भिंतीला टेकून उभे. मी बसा म्हटलं नाही. बसून पुन्हा उठणं त्यांना किती जड जातं, ते आता दिसत होतं.

"वाकता येत नाही मला," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "काम सुटलं ते त्यानंच. घरात हे एवढं एक काम माझ्याकडे होतं. तेही जमत नाही म्हटल्यावर तू मला काय म्हणून ठेवणार?"

मला राग आला आणि रडूही आलं. इतकी वर्षं एका घरात राहून हा माणूस मला एवढीच ओळखतो?

"बाबा, मी तुम्हाला कामावर ठेवलेलं नाही."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पीळ बसला नव्हता, वेळेवर आणलंत, म्हणाल्या. सासऱ्यांनी एकच विचारलं, ओट्यामुळे झालं का. ते नक्की कुणीच सांगू शकत नाही, त्या म्हणाल्या. उंचीमुळे असेल, घाईनं गिळल्यामुळे असेल. नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पैलवानाला तिथंच ठेवून आम्ही परतलो.

पैलवान घरी यायच्या आदल्या दिवशी अंगणात ठोकाठोक सुरू झाली. सासरे उभ्यानं ओटा फोडत होते. समूळ पाडायचा, म्हणाले. मी गळ्यातली टेप काढली, त्यांच्या गुडघ्यामागे धरली, तेवढ्या उंचीवर विटांवर खडूची रेघ मारली आणि म्हटलं, इथपर्यंतच पाडा. त्यांनी रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हातोडा उचलला.

आता भांडं मी खाली ठेवते. सासरे उरलेल्या ओट्यावर डबा मांडीवर घेऊन बसतात आणि एक मूठ भांड्यात सोडतात. ती चावून संपल्याशिवाय दुसरी नाही. पैलवान मधेच वर बघून कुरकुरतो, मग त्याला दटावणी. अख्ख्या पडद्याची शिलाई होते तरी यांचं जेवण चाललेलंच. तो फरशीवर आडवा होईपर्यंत माझा जीव काही थाऱ्यावर नसतो. कान अजून त्याच्या पावलांकडेच.

काल तो लोळला. पाठोपाठ सासऱ्यांची हाक आली. लॉन्ड्रीवालाच काय, अख्ख्या गल्लीला ऐकू जावी अशी.

"सूनबाई, भांडं उचल गं. मला वाकता येत नाही."